पुंगळी बुडाशी का तुटते? थर्टी-ऑट-सिक्सच्या हँडलोडिंगमधला पुन्हा पुन्हा येणारा दोष

झाडलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, उजेडात तिरपी धरा. बुडाच्या कडेपासून तीनेक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर, पितळेवर गोल फिरलेलं एक फिकट, चकचकीत वलय दिसतं का? कधी कधी त्या जागी नखाला पुसटशी खाच लागते. तीन-चार वेळा भरलेल्या, म्हणजे घरी नवा प्रायमर (ठोक्याने पेटणारी टोपी), दारू आणि गोळी घालून पुन्हा वापरलेल्या पुंगळ्यांवर हे वलय येत असेल, नवीन पितळ आणूनही काही दिवसांनी पुन्हा तेच होत असेल, तर थांबा. ती पुंगळी तिथेच तुटायच्या बेतात आहे. पुढच्या फैरीला नाही तुटली तर त्याच्या पुढच्या फैरीला तुटेल.

माझी तुटली. पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्याच्या तीन आठवडे आधी मी रेंजवर माझी बोल्ट-ॲक्शन थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) रायफल झिरो करत, म्हणजे तिचा नेम जुळवत बसलो होतो. सहावी की सातवी फैर असेल. आवाज नेहमीसारखा, खांद्याला धक्काही नेहमीसारखा, पण गालाला गरम हवेचा एक बारीक झोत लागला. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) मागे ओढला तर पुंगळीचं नुसतं बूड बाहेर आलं, अंगठ्याच्या नखाएवढ्या उंचीचं. बाकी सगळी पुंगळी चेंबरमध्येच, नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, अडकलेली. हातात आलेल्या तुकड्याची कड एका बाजूला चांगली जाड होती आणि दुसऱ्या बाजूला पत्रावळीच्या पानासारखी पातळ. डोळ्यांवर शूटिंगचा चष्मा होता म्हणून मी हे शांतपणे सांगू शकतोय.

आधी मी पितळेला दोष दिला. दुसऱ्या कंपनीच्या पुंगळ्या आणल्या. मग दारूवर संशय घेतला आणि मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या वजनापर्यंत खाली आलो. दोन्ही वेळा चौथ्या भरणीला वलय हजर. शेवटी शेजारच्या निवृत्त मशिनिस्टांना तो तुकडा दाखवला. ते चाळीसेक वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरताहेत. त्यांनी तुकडा बोटांत फिरवला आणि एवढंच विचारलं, ‘डाय कशी लावलीस?’

डाय म्हणजे प्रेसवर बसवलेला साचा; झाडून फुगलेली पुंगळी त्यात दाबून पुन्हा मापात आणतात. उत्तर साधं होतं: डब्यातल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे. शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा भाग) वर आणायचा, डाय त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि मग आणखी थोडी आवळायची. बहुतेक जण असंच लावतात. आणि सगळा घोळ तिथेच आहे.

थर्टी-ऑट-सिक्सची पुंगळी चेंबरमध्ये आपल्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर टेकते. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. आता पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा आठ-नऊ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागे दाबलेला असेल, तर बोल्ट बंद झाल्यावरही पुंगळीला पुढे-मागे तेवढी जागा मोकळी राहते. फायरिंग पिनचा ठोका पुंगळीला पुढे लोटतो आणि बूड व बोल्ट यांच्यात फट पडते. त्याच क्षणी दाब चढतो. या काडतुसाची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, म्हणजे साधी भरणीसुद्धा प्रचंड दाब देते. पुंगळीच्या वरच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात. बूड मात्र भरीव, ते फुगत नाही; दाब त्याला मागे बोल्टवर नेऊन आपटतो. वरचा भाग चिकटून बसलाय, खालचा मागे सरकतोय. मधलं पितळ ताणलं जातं. भरीव बूड संपून पातळ भिंत जिथे सुरू होते, नेमकं तिथे.

एका फैरीने काही होत नाही. पण आपण घरी येऊन तीच पुंगळी पुन्हा डायमध्ये घालतो, खांदा पुन्हा नऊ थाऊ मागे दाबतो आणि पुढच्या फैरीला ती पुन्हा तेवढीच ताणली जाते. लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, तसंच.

याची खूण खरं तर माझ्या टेबलावर आधीपासून पडलेली होती. थर्टी-ऑट-सिक्सच्या पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच, आणि ट्रिम करून, म्हणजे तोंडाची कड कापून, ती २.४८४ वर आणतात. मला जवळजवळ प्रत्येक भरणीला ट्रिम करावं लागत होतं. ट्रिमरखाली पिवळा चुरा साचायचा आणि मी तो फुंकून टाकायचो. ते पितळ आलं कुठून, हा प्रश्न कधी पडलाच नाही. ते खालच्या भिंतीतूनच वर सरकत आलेलं होतं. तुमच्या पुंगळ्यांची मान दर वेळी भराभर वाढत असेल, तर वलय दिसायच्या आधीच समजा की कुठेतरी खाली पितळ पातळ होतंय.

आता तपासणी. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण नवीन माणूस हमखास फसतो. प्रत्येक चकचकीत रेघ धोक्याची नसते. डाय पुंगळीवर जिथपर्यंत पोहोचते तिथे तिची एक रेघ उमटतेच, आणि ती निर्धोक असते. फरक आतून कळतो. कागदाला लावायची एक क्लिप सरळ करून तिची तार करा, टोक अगदी थोडं, मिलिमीटरभर, काटकोनात वाकवा आणि कानशीने त्याला धार द्या. प्रायमर काढलेल्या पुंगळीत ती तळापर्यंत सोडा आणि टोक भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढा. चांगल्या पुंगळीत टोक बुडाच्या गोलाईवरून सरळ भिंतीवर चढतं, कुठेही अडत नाही. ताणलेल्या पुंगळीत ते एका जागी खोबणीत उतरतं आणि पुन्हा वर चढतं. हाताला तो ‘टक्’ एकदा कळला की माणूस विसरत नाही. मी खात्री करायला एक पुंगळी व्हाइसमध्ये धरून करवतीने उभी कापली. बाहेरून नुसतं पुसट वलय होतं. आत भिंतीला गोल खोबण पडून पितळ निम्म्याहून कमी उरलं होतं. ज्या पुंगळीत तार अडते, ती पुन्हा भरायची नाही. त्याच लॉटमधल्या तितक्याच वेळा भरलेल्या बाकीच्यांचाही मी विश्वास धरत नाही.

दाबाच्या खुणांशी याची गल्लत करू नका. बोल्ट उचलायला जड जाणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खटक्याचा) ठसा उमटणं, प्रायमरची जागा सैल होणं या गोष्टी दाब जास्त झाल्याकडे बोट दाखवतात, आणि त्यावर इलाज म्हणजे भरणी ताबडतोब कमी करणं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. भरणी सौम्य, बोल्ट लोण्यासारखा उघडणारा, आणि तरी वलय. अशा वेळी दारूचा तराजू सोडून हेडस्पेसकडे वळायचं.

मोजणीसाठी हेडस्पेस कंपॅरेटर घ्या. कॅलिपरच्या जबड्यावर बसणारं, भोक असलेलं छोटं साधन आहे. पुंगळीचा खांदा त्या भोकाच्या कडेवर टेकतो आणि बुडापासून तिथपर्यंतचा आकडा मिळतो. आपल्याच रायफलमधून झाडलेली पुंगळी घ्यायची, प्रायमर आधी काढून टाकायचा, कारण फुगीर प्रायमर आकडा बिघडवतो. माझ्या झाडलेल्या पुंगळ्या २.०५४ दाखवत होत्या, डायमधून बाहेर आल्यावर २.०४५. पूर्ण नऊ थाऊ. हे आकडे तुम्हाला उपयोगी नाहीत. प्रत्येक कंपॅरेटर थोडा वेगळा दाखवतो. तुमच्याच साधनाने आधी आणि नंतर मोजायचं आणि फक्त फरकाकडे बघायचं. बोल्ट-ॲक्शनला हा फरक दोन थाऊ पुरतो. सेमी-ऑटोमॅटिकला तीन-चार ठेवतात, कारण तिथे बोल्ट आपोआप बंद व्हायचा असतो.

मग कागदावरची सूचना चुकीची होती का? कंपनीला कुठल्याही रायफलमध्ये बसेल अशी पुंगळी हवी असते, म्हणून ती डाय पूर्ण दाबायला सांगते. शेल होल्डरच्या वरच्या पृष्ठभागापासून पुंगळीच्या बुडापर्यंतची ठरलेली उंची ०.१२५ इंच, म्हणजे बरोबर एक सूत. पण शेल होल्डरमध्ये, डायमध्ये, रायफलच्या चेंबरमध्ये, प्रत्येकात मापाची दोन-चार थाऊंची सूट (टॉलरन्स) असते. माझी डाय थोडी खोल दाबणारी, चेंबर थोडं लांब, आणि दोन्ही एकाच दिशेला जमले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये मी सहा वर्षं काढली. तीन भागांच्या सुटी एकाच बाजूला साचल्या की काय होतं, हे तिथल्या पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे मात्र मी छापील सूचनेवर डोळे मिटून विसंबलो.

डाय लावायची रीत अशी. लॉक रिंग (डाय जागेवर घट्ट धरणारी कडी) सैल करा आणि डाय शेल होल्डरपासून एक पूर्ण फेरा वर घ्या. झाडलेल्या पुंगळीला पातळ, सारखं वंगण लावा, डायमधून काढा, पुसा, मोजा. पहिल्यांदा आकडा कमी होण्याऐवजी वाढलेला दिसेल. घाबरू नका. डाय आधी पुंगळीच्या अंगाला दाबते, त्यामुळे खांदा थोडा पुढे सरकतो. डाय खांद्यापर्यंत पोहोचली की मग तो मागे जायला लागतो. याच टप्प्यावर पुंगळी रायफलमध्ये घट्ट बसते, आणि माणूस वैतागून डाय शेवटपर्यंत आवळून मोकळा होतो. तसं करू नका. थोडं थोडं खाली या.

किती थोडं, याचा हिशेब सोपा आहे. या डायचा आटा ७/८ इंचाचा, इंचाला १४ पेच. म्हणजे एका फेऱ्याला ७१ थाऊ. अष्टमांश फेरा म्हणजे नऊ थाऊ, आणि १० अंश म्हणजे दोन. डायच्या अंगावर १० अंश जेमतेम दोन मिलिमीटर भरतात, म्हणून मी मार्करने डायवर एक आणि प्रेसवर एक रेघ मारली आहे. सुरुवातीला अष्टमांश फेऱ्याने खाली येतो, आकडा झाडलेल्या पुंगळीच्या जवळ आला की दोन-दोन मिलिमीटरने. फरक दोन थाऊ झाला की लॉक रिंग घट्ट. मग एकाऐवजी तीन पुंगळ्या काढून तिन्हींचा आकडा बघायचा. माझी डाय शेवटी शेल होल्डरपासून सात थाऊ वर राहिली. प्रेसचा दांडा खाली असताना मधून उजेडाची बारीक फट दिसते. आधी ती फट बघून मला चुकल्यासारखं वाटायचं. ती तशीच हवी.

फट ठेवणं पटत नसेल, तर दोन-दोन थाऊंनी उंच होत जाणारे शेल होल्डर संचात मिळतात. डाय टेकवूनच लावायची आणि होल्डर बदलायचा. प्रेस जुना आणि ढिला असेल तर हेच जास्त भरवशाचं.

यानंतरही आकडे पुंगळीगणिक इकडेतिकडे होत असतील, तर दोन कारणं बघा. एक, वंगण कमी-जास्त लागणं. दुसरं, पितळ कडक होणं. बऱ्याच वेळा भरलेल्या पुंगळीचा खांदा डायमधून निघाला की स्प्रिंगसारखा थोडा परत येतो. मान आणि खांदा तापवून मऊ केले की हे थांबतं. पण आच मानेला आणि खांद्यालाच. बूड कधीही तापवायचं नाही. बूड मऊ झालं तर दाब झेलायला काही उरत नाही.

हंगामाच्या पुंगळ्या सगळ्याच्या सगळ्या रायफलमध्ये बसवून बघा, पण प्रायमर आणि दारू घालायच्या आधी, रिकाम्या. घरात भरलेलं काडतूस चेंबरमध्ये घालायचं नाही, कुठल्याही कारणासाठी.

काही इलाज लोक सुचवतात ते मी जाणूनबुजून करत नाही. पुंगळीला किंवा चेंबरला तेल लावलं की ती चिकटत नाही, सगळीच मागे सरकते आणि ताण येत नाही, असं म्हणतात. बरोबर आहे, पण मग सगळा धक्का बोल्टवर जातो, आणि बोल्ट त्यासाठी बनवलेला नाही. चेंबर कोरडं हवं. दुसरं, फक्त मान दाबणारी डाय वापरून खांद्याला हातच लावायचा नाही. कागदावर नेम धरायला ठीक आहे, पण दोन-तीन भरण्यांनंतर बोल्ट जड बंद होऊ लागतो, आणि गारठलेल्या पहाटे, हरीण ऐंशी यार्डांवर उभं असताना, मला तो जड बोल्ट नको.

डाय नीट लावूनही नव्या पितळेवर दुसऱ्या-तिसऱ्या फैरीतच वलय येत असेल, किंवा फॅक्टरीची काडतुसंसुद्धा तसंच दाखवत असतील, तर दोष रायफलमध्ये असू शकतो. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून गो आणि नो-गो गेजने (किमान आणि कमाल मापाच्या ठोकळ्यांनी) हेडस्पेस तपासून घ्या. तोवर ती रायफल चालवू नका. जुन्या लष्करी .३०३ ली-एन्फील्डमध्ये हा प्रकार नेहमीचाच. त्या पुंगळीला बुडाशी कडा असते, ती कडेवर टेकते, आणि युद्धात चिखलमातीतही चालावी म्हणून चेंबर सैल कापलेलं असतं. कंबरेला पट्टा असलेल्या मॅग्नम काडतुसांचंही तेच, तिथे टेकायचं काम पट्टा करतो. दोन्हीकडे उपाय एकच: पहिल्या फैरीनंतर पट्टा किंवा कडा विसरायची आणि वर सांगितल्याप्रमाणे खांद्यावरूनच डाय लावायची.

रेंजवर पुंगळी तुटलीच तर काय? बोल्ट जपून उघडा, मॅगझिन रिकामं करा. पुढचं काडतूस आत दामटायचा प्रयत्न अजिबात करू नका. ते अर्धवट जाऊन अडकतं, आणि मग भरलेलं काडतूस अडकलेली रायफल हातात राहते. बोल्ट बाहेर काढा, नळीतून उजेड बघा. तुटलेली पुंगळी काढायचं छोटं हत्यार प्रत्येक मापात मिळतं. ते चेंबरमध्ये घातलं, बोल्ट बंद करून उघडला, की पुंगळी बाहेर येते. मी आता ते रेंजच्या पेटीतच ठेवतो. त्या दिवशी नव्हतं, आणि अर्धा दिवस वाया गेला.

रेंजवर पडलेल्या दुसऱ्यांच्या पुंगळ्या मी आता उचलत नाही. त्या कुठल्या चेंबरमध्ये ताणल्या गेल्यात हे कळायला मार्ग नाही. माझ्या पुंगळ्या वीस-वीसच्या डब्यांत असतात, डब्यावर रायफल, किती वेळा भरल्या आणि शेवटचं ट्रिम कधी एवढं लिहिलेलं. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा, वजन मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून, आणि गोळी बसवायच्या आधी सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून दारूची पातळी सारखी आहे ना, हे बघणं. हे सगळ्यांना माहीत असतं. रात्री अकराला कंटाळा आल्यावर हेच सुटतं.

आपल्या लोकांसाठी दोन शब्द कायद्याचे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. पण तुम्ही एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही संघीय कायद्याने मना आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो संपला की सवलतही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही. ऑफिसमधल्या एका मित्राला हे ठाऊकच नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकल्यापासून माझा भाचा कोल्हापुरात रायफल नेमबाजी शिकतोय. त्याने फोनवर विचारलं, ‘मामा, आपल्या पॉइंट टू-टूच्या पुंगळ्या पण पुन्हा भरता येतील का?’ त्याला सांगितलं, बाळा, त्यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, वेगळा प्रायमर नसतोच, एकदा झाडली की संपली. आणि येत असती तरी तिथे भरायची नाही.

डाय लावायची रीत बदलल्यापासून वीस पुंगळ्यांचा एक डबा आता सातव्या भरणीला आला आहे. दोनदाच ट्रिम करावं लागलं. दर भरणीआधी तार आत फिरवतो, अजून कुठे अडलेली नाही. जुन्या डब्यांतल्या पुंगळ्या भंगारात दिल्या. देण्याआधी प्रत्येकीची मान पक्कडीने चेपून टाकली, म्हणजे दुसऱ्या कुणी त्या धुऊन पुन्हा भरू नयेत.